रिठा-शिकेकाईच्या शाम्पूने कोंडा खरंच कमी होतो का, हे कसं तपासायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: रिठा, शिकेकाई, आवळा आणि कडुनिंबाचा पाला उकळून, गाळून शाम्पू केला. फेस बरा येतो. कॉलेजच्या प्रयोगशाळेत कॅन्डिडा या यीस्टच्या प्लेटवर भलंमोठं वलय, म्हणजे यीस्ट न वाढलेली मोकळी जागा, मिळालं. पण पंधरा दिवसांत बाटल्या फुगल्या आणि रंग काळपट झाला. वापरणाऱ्यांपैकी काहींचा कोंडा गेला, काहींचा जसाच्या तसा राहिला. आता हा माल टिकाऊ कसा करायचा आणि कोंड्यावर चालतो हे दाखवायचं कसं?

आधी त्या वलयाबद्दल बोलू, कारण गोंधळ तिथूनच सुरू होतो. कॅन्डिडा अल्बिकन्स हा कोंड्याचा जंतू नाही. टाळूवर राहणारं यीस्ट म्हणजे मॅलासेझिया, त्यातही मुख्यतः मॅलासेझिया ग्लोबोसा आणि मॅलासेझिया रिस्ट्रिक्टा. ते जवळजवळ प्रत्येकाच्या डोक्यावर असतं. टाळूतून पाझरणारं तेल ते लायपेज नावाच्या विकरांनी फोडतं, त्यातली संपृक्त मेदाम्लं खातं आणि ओलेइक आम्लासारखी असंपृक्त मेदाम्लं मागे ठेवतं. ज्यांच्या त्वचेला ही उरलेली आम्लं सोसत नाहीत, त्यांच्या टाळूवरच्या पेशी वेळेआधी, गठ्ठ्यागठ्ठ्याने सुटतात. तोच कोंडा. यीस्ट सगळ्यांकडे असूनही कोंडा काहींनाच का होतो आणि शाम्पू थांबवला की परत का येतो, याचं उत्तर यातच आहे. कोंडा आटोक्यात ठेवता येतो. ‘मुळापासून नष्ट’ हे शब्द लेबलावर लिहू नका.

मग सगळे कॅन्डिडावर का तपासतात? कारण ते वाढवायला सोपं. मॅलासेझियाला स्वतःची मेदाम्लं तयार करता येत नाहीत. त्यामुळे बुरशी वाढवायच्या नेहमीच्या सबुरॉ माध्यमावर टाळूवरच्या या जाती वाढतच नाहीत, माध्यमात मेद घालावाच लागतो. शिवाय वलय देणारा घटक बहुधा तुमचा कडुनिंब नसतोच. रिठ्यातलं फेस आणणारं सॅपोनिन किंवा बेसमधला कोणताही फेसकारी घटक प्लेटमधल्या अगरच्या जेलीत सहज पसरतो आणि यीस्टचं पेशीपटल फोडतो. साधा भांडी घासायचा द्रव टाकलात तरी वलय दिसेल. म्हणून पुढच्या सगळ्या कामाचा कणा एकच ठेवा: तुमच्या बेसपेक्षा, म्हणजे वनौषधी न घातलेल्या त्याच शाम्पूपेक्षा, वनौषधी घातलेला शाम्पू किती जास्त काम करतो. हा फरक दिसला नाही तर बाकीची आकडेवारी कितीही भरगच्च असली तरी तिचा उपयोग नाही.

आता वनस्पतींकडे. रिठ्याचं काम टरफल करतं, काळी बी नाही. बी फोडून काढून टाका. कोकणात आणि सह्याद्रीत मिळणारा रिठा सॅपिंडस ट्रायफोलिएटस. त्याची फळं बहुधा तीन-तीन जोडलेली असतात. उत्तरेकडून येणारा मोठा, सुटा, गोल रिठा सॅपिंडस म्युकोरोसाय. दोन्ही चालतात, पण सॅपोनिनचं प्रमाण वेगळं असतं; आज हा आणि उद्या तो घेतलात तर प्रत्येक घाण्याचा फेस वेगळा येणार. चांगलं टरफल फोडलं की आतून मनुकेसारखं चिकट, अर्धपारदर्शक, तांबूस दिसतं. कोरडं, भुगा झालेलं, किड्यांनी पोखरलेलं टरफल घेऊ नका. शिकेकाई शेंगेच्या रूपातच घ्या. दुकानातल्या तयार पुडीत माती आणि भुसा किती आहे ते पाहायचं असेल तर चमचाभर पूड ग्लासभर पाण्यात ढवळून दहा मिनिटं ठेवा. तळाशी बसलेली वाळू डोळ्यांना दिसते.

आवळा काढून टाका. त्यातली टॅनिनं, म्हणजे तुरट द्रव्यं, लोखंडाशी मिळाली की शाईसारखा काळा रंग येतो, आणि लोखंड कढईतूनच नव्हे, बोअरच्या पाण्यातूनही येतं. शिकेकाईतही टॅनिन आहेच, म्हणून भांडं स्टेनलेस स्टीलचं आणि पाणी डिस्टिल्ड किंवा आरओचं हवं. कोंड्यावर आवळ्याचा असा कोणताही उपयोग नाही की त्यासाठी हा त्रास ओढवून घ्यावा. कडुनिंबाच्या पाल्याचा पाण्यातला काढाही फारसा उपयोगी नाही. त्यातली कडू द्रव्यं पाण्यात नीट उतरत नाहीत. कडुनिंब हवाच असेल तर वाळलेला पाला ७० टक्के इथेनॉलमध्ये भिजवून अर्क काढा आणि मद्यार्क उडवून तो घट्ट अर्क वापरा.

कोंड्यावर माणसांमध्ये तपासलेल्या वनस्पतिजन्य घटकांत टी ट्री तेलाचा पुरावा सर्वात नीट मांडलेला आहे. २००२ मध्ये ऑस्ट्रेलियातली एक चाचणी प्रसिद्ध झाली. त्यात १२६ जणांनी चार आठवडे ५ टक्के टी ट्री तेलाचा शाम्पू किंवा तेल नसलेला तसाच शाम्पू वापरला. तेलाच्या गटात कोंड्याची तीव्रता ४१ टक्क्यांनी घटली, बिनतेलाच्या गटात ११ टक्क्यांनी. यातले ते ११ टक्के विसरू नका: नुसत्या बेसने आणि नियमित धुण्याने एवढा फरक पडतो. दुसरं म्हणजे मात्रा. ५ टक्क्यांवर मिळालेला निकाल दाखवून ०.२ टक्के तेल घातलेली बाटली विकणं ही ग्राहकाची फसवणूक आहे. तेल घेताना जीसी (गॅस क्रोमॅटोग्राफी, म्हणजे तेलातल्या घटकांचं प्रमाण दाखवणारी चाचणी) अहवाल मागा: टर्पिनेन-४-ऑल ३५ टक्क्यांच्या वर आणि १,८-सिनिओल १० टक्क्यांच्या आत हवं. जुनं, हवा लागलेलं तेल त्वचेला ॲलर्जी देतं. गडद काचेच्या, काठोकाठ भरलेल्या बाटलीत, थंड जागी ठेवा.

काढा असा करा. रिठ्याचं टरफल ४० ग्रॅम, बिया काढलेली शिकेकाई ५० ग्रॅम, नागरमोथा १० ग्रॅम, सगळं जाडसर भरडलेलं. वस्त्रगाळ पूड नको, गाळताना जीव जातो. एक लिटर पाण्यात रात्रभर फ्रिजमध्ये भिजवा. बाहेर ठेवलंत तर उन्हाळ्यात सकाळपर्यंत आंबायला लागतं. सकाळी ६५ ते ७० अंशांवर पाऊण तास ठेवा. खळखळ उकळी आणू नका, कारण त्याने चिकट गोंद जास्त उतरतो, काढा गढूळ होतो आणि फेस भांड्याबाहेर जातो. दुहेरी मलमलीतून गाळा, मंद आचेवर ४०० ग्रॅमपर्यंत आटवा, २४ तास फ्रिजमध्ये ठेवा आणि वरचा निवळलेला भाग अलगद ओतून घ्या. ही थंड निवळणी टाळली तर तोच गाळ महिन्याभराने बाटलीच्या तळाशी दिसतो.

मग १० ग्रॅम काढा वजन केलेल्या वाटीत १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत सुकवा. ०.७ ते ०.८ ग्रॅम उरलं, म्हणजे ७ ते ८ टक्के घनांश असला, की काढा ठरल्याप्रमाणे उतरला. कमी असेल तर आणखी आटवा, जास्त असेल तर पाणी घाला. ‘काढा ३५ टक्के’ असं नुसतं लिहून काही कळत नाही. घनांश लिहिलात तरच पुढचा घाणा मागच्यासारखा येईल.

एक किलो शाम्पूसाठी सल्फेटविरहित कृती देतो. काढा ३५० ग्रॅम, डेसिल ग्लुकोसाइड १२० ग्रॅम (साधारण ५० टक्के सक्रिय), कोकामिडोप्रोपिल बिटेन १५० ग्रॅम (साधारण ३० टक्के सक्रिय), टी ट्री तेल ५० ग्रॅम, ग्लिसरीन २० ग्रॅम, झँथन गम १० ग्रॅम, डायसोडियम ईडीटीए १ ग्रॅम, सोडियम बेंझोएट ५ ग्रॅम, पोटॅशियम सॉर्बेट ३ ग्रॅम, सायट्रिक आम्लाचं ५० टक्के द्रावण लागेल तसं, आणि बाकी पाणी.

क्रम महत्त्वाचा आहे. झँथन आधी ग्लिसरीनमध्ये कालवा, मगच पाण्यात सोडा; कोरडा टाकला तर माशाच्या डोळ्यांसारख्या गाठी होतात आणि त्या शेवटपर्यंत फुटत नाहीत. अर्धा तास ढवळल्यावर ईडीटीए, बेंझोएट आणि सॉर्बेट पूर्ण विरघळवा, मग काढा, मग बिटेन. तेल वेगळ्या भांड्यात डेसिल ग्लुकोसाइडमध्ये नीट मिसळून घ्या आणि ते मिश्रण सावकाश ओता. ढवळणी हळू ठेवा, मिक्सर लावलात तर नुसता फेस हाती येईल. सायट्रिक आम्ल सगळ्यात शेवटी, थेंबाथेंबाने. आम्ल आधी आणि बेंझोएट नंतर असं केलं तर बेंझोइक आम्लाचे बारीक स्फटिक खाली बसतात आणि परिरक्षक, म्हणजे माल टिकवणारा घटक, तळाशी पडून राहतो. शेवटी पाण्याने वजन बरोबर १००० ग्रॅम करा.

हा शाम्पू पारदर्शक होणार नाही, दुधाळ-तपकिरी होईल. तसाच राहू द्या. ५ टक्के तेल स्वच्छ विरघळवायला एवढा विद्रावक लागतो की फेस बसतो आणि दाटपणाही जातो. मीठ घालून दाट करायचा प्रयत्नही नको. मिठाने सोडियम लॉरेथ सल्फेटचा बेस दाटतो, ग्लुकोसाइड त्याला दाद देत नाही. (लॉरेथ सल्फेटमध्येही मीठ एका मर्यादेपर्यंतच चालतं, त्यापुढे घातलं की शाम्पू उलट पातळ होतो.)

बाटल्या फुगल्या त्याचं कारण साधं आहे. वनस्पतींचा काढा म्हणजे साखर, गोंद आणि पाणी, जिवाणूंसाठी तयार जेवण. परिरक्षक नसेल तर तो आंबतोच, आणि वायू बाटली फुगवतो. रिठा स्वतः टिकाऊ आहे, कडुनिंब आहे म्हणून परिरक्षक नको, हे म्हणणं सोडून द्या. आणि परिरक्षक घातला म्हणजे संपलं असंही नाही. बेंझोएट आणि सॉर्बेट आम्लरूपात असतील तेवढेच काम करतात. पीएच ५.२ ला बेंझोएटचा साधारण ९ टक्के आणि सॉर्बेटचा २७ टक्के भाग त्या रूपात असतो. पीएच ६ झाला की तोच आकडा दीड आणि पाच टक्क्यांवर येतो. डेसिल ग्लुकोसाइड स्वतः चांगलंच अल्कधर्मी येतं. म्हणून पीएच ५.० ते ५.३ मध्ये बांधा, दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा, आठवड्याने परत मोजा.

भौतिक चाचण्यांवर फार वेळ घालवू नका, पण त्या वगळूही नका. पीएच १० टक्के द्रावणाचा मोजा. फेसासाठी १ टक्का द्रावण ५० मिली, २५० मिलीच्या सिलिंडरमध्ये, तोंडावर हात ठेवून १० वेळा हलवा आणि चार मिनिटं दर मिनिटाला फेसाची उंची लिहा. मळासाठी १० मिली पाण्यात दोन थेंब शाम्पू आणि एक थेंब इंडिया इंक घालून हलवा. शाई फेसात चढली तर मळ केसांतच राहणार, ती पाण्यात राहायला हवी. दाटपणा मोजताना यंत्राची कोणती फिरती दांडी (स्पिंडल) वापरली आणि मिनिटाला किती फेरे ठेवले, दोन्ही लिहा, कारण झँथन ढवळलं की पातळ होतं आणि नुसता सेंटिपॉइजचा आकडा कुणाला कळत नाही. भरलेल्या बाटल्या ४ अंश, खोलीचं तापमान आणि ४० अंश व ७५ टक्के आर्द्रता अशा तीन ठिकाणी तीन महिने ठेवा. ४० अंशांवरच्या बाटलीच्या मानेशी तेलाचं कडं दिसलं तर तेल सुटतंय. तेव्हा झँथन किंवा ग्लुकोसाइड थोडं वाढवून पुन्हा सुरुवात करा.

परिरक्षकाची परीक्षा आयएसओ ११९३० प्रमाणे द्या. पाच जंतू शाम्पूत मुद्दाम सोडतात आणि ७, १४, २८ दिवसांनी मोजतात. ‘अ’ निकषासाठी जिवाणू सात दिवसांत हजारपट कमी व्हायला हवेत आणि नंतर वाढता कामा नयेत. काढ्याच्या शाम्पूत बहुतेक वेळा नापास करणारा जंतू म्हणजे स्यूडोमोनास एरुजिनोसा. ही चाचणी बाहेरच्या प्रयोगशाळेत पैसे देऊन करून घ्यावी, इथे काटकसर करू नये.

आता खरी चाचणी. चंदीगडच्या एमटीसीसी या जंतुसंग्रहातून मॅलासेझिया फरफर, क्रमांक १३७४, मागवता येतं. ग्लोबोसा आणि रिस्ट्रिक्टापेक्षा ते सांभाळायला सोपं. माध्यम सुधारित डिक्सन अगर: एका लिटरला माल्ट अर्क ३६ ग्रॅम, पेप्टोन ६, सुकवलेलं बैलपित्त २०, ट्वीन ४० १० मिली, ग्लिसरॉल २ मिली, ओलेइक आम्ल २ मिली आणि अगर १२ ते १५ ग्रॅम. तापमान ३२ अंश, पाच ते सात दिवस. प्लेटा पिशवीत घाला, नाहीतर सुकतात. वसाहती मळकट पांढऱ्या, सुरकुतलेल्या, लोण्यासारख्या मऊ दिसतात. हे यीस्ट तेलकट असल्यामुळे पाण्यात गुठळ्या करून बसतं, आणि एका गुठळीतून एकच वसाहत उगवल्याने मोजणी खोटी येते. म्हणून ०.१ टक्के ट्वीन ८० घालून काचमण्यांबरोबर चांगलं हलवा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेशी सुट्या झाल्याची खात्री करा.

वलय मोजू नका, ठरावीक मिनिटांत किती यीस्ट मरतं ते मोजा. चार शाम्पू तयार ठेवा: नुसता बेस; बेस आणि काढा; बेस आणि टी ट्री तेल; बेस, काढा आणि तेल. चौघांचा पीएच आणि फेसकारी घटक सारखेच हवेत. पाचवा, तुलनेसाठी, औषधाच्या दुकानातला २ टक्के केटोकोनॅझोल (बुरशीनाशक औषध) शाम्पू, आणि सहावं नुसतं सलाइन. प्रत्येकाचं १० टक्के द्रावण करा, कारण ओल्या केसांत शाम्पू पातळ होतोच. ९ मिली द्रावणात १ मिली यीस्टचं मिश्रण टाका, मिलीलीटरला अंदाजे दहा लाख पेशी राहतील असं. ३ आणि ५ मिनिटांनी १ मिली काढून लेसिथिन आणि ट्वीन ८० असलेल्या उदासीनकात, म्हणजे शाम्पूचा मारा थांबवणाऱ्या द्रवात, सोडा आणि प्लेटांवर पसरा. माणूस डोक्यावर शाम्पू एवढाच वेळ ठेवतो. २४ तास भिजवून मिळालेला निकाल न्हाणीघरात उपयोगाचा नाही. उदासीनक खरंच मारा थांबवतो का, याची वेगळी प्लेट लावा; तो थांबवत नसेल तर शाम्पू प्लेटवरही मारत राहतो आणि आकडे फुगतात.

समजा नुसत्या बेसने दहा लाखांचे एक लाख राहिले आणि पूर्ण शाम्पूने एक हजार. मग वनौषधींचं श्रेय शंभरपट, हजारपट नव्हे. काढ्याची आणि बेसची बाटली सारखीच निघाली तर काढा फक्त फेस आणि नावासाठी आहे हे मान्य करा आणि त्याप्रमाणेच लेबल लिहा. केटोकोनॅझोलशी बरोबरी झाली नाही म्हणून खचू नका. ते औषध आहे आणि त्याचा काही भाग धुतल्यावरही त्वचेत टिकतो.

सुरक्षिततेसाठी सशाच्या डोळ्यात थेंब टाकण्याची कृती जुन्या प्रबंधांतून अजून उतरवली जाते. भारतात सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवरची चाचणी २०१४ पासून बंद आहे. त्याऐवजी कोंबडीच्या अंड्याच्या पडद्यावरची किंवा रक्तपेशींच्या विघटनाची चाचणी करून घ्या. रिठा डोळ्यांत गेला की जबरदस्त झोंबतो, त्यामुळे इथे सूट नाही, आणि ‘डोळ्यांत जाऊ देऊ नका’ ही सूचना ठळक अक्षरांत छापा. पॅच टेस्ट (त्वचेवर पट्टीखाली ठेवून पाहणं) १ टक्का द्रावणाने करा. पाणी न घातलेला शाम्पू पट्टीखाली २४ तास बांधला तर कुठलाही शाम्पू आग करतोच.

यानंतरच माणसांवर, आणि तेही त्वचारोगतज्ज्ञाच्या देखरेखीखाली, नीतिमत्ता समितीची परवानगी आणि सीटीआरआय (माणसांवरच्या चाचण्यांची भारतातली नोंदवही) नोंदणी झाल्यावर. तुमच्या वापरकर्त्यांत काहींचा कोंडा गेला आणि काहींचा राहिला, ते अशा मोजमापाशिवाय उलगडत नाही: कुणी रोज तेल लावत होतं, कुणाला सोरायसिस होता, कुणी आठवड्यातून एकदाच धूत होतं. आधी दोन आठवडे सगळ्यांना एकच साधा शाम्पू द्या आणि तेल बंद करा. मग चिठ्ठ्या टाकून दोन गट: एकाला पूर्ण शाम्पू, दुसऱ्याला बेस, बाटल्या आणि वास शक्य तितके सारखे. टी ट्रीचा वास लपत नाही, म्हणून निदान गुण देणाऱ्याला गट कळू देऊ नका. आठवड्यातून तीनदा, ३ ते ५ मिनिटं ठेवून धुवायचं, चार आठवडे. टाळूचे आठ भाग पाडून प्रत्येकाला चिकटलेल्या पापुद्र्यांप्रमाणे ० ते १० गुण द्या, एकूण ८० पैकी. केसांवर सुटे पडलेले कण मोजू नका. भांग पाडून टाळूला चिकटलेले पापुद्रे पाहा. तपासणी शेवटच्या धुण्यानंतर ४८ ते ७२ तासांनीच करा. धुतल्या दिवशी कोणाचंही डोकं स्वच्छ दिसतं.

भडक लाल चट्टे, केसांच्या रेषेबाहेर कपाळावर आलेले जाड चंदेरी पापुद्रे, लहान मुलांत केस तुटून पडलेले गोल डाग, अशांना चाचणीत घेऊ नका, थेट डॉक्टरांकडे पाठवा. विक्रीसाठी परवाना कोणता हेही आधीच ठरवा. सौंदर्यप्रसाधन म्हणून सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० खाली महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाकडे अर्ज करता येतो, पण मग आजार बरा करण्याचा दावा करता येत नाही. आयुर्वेदिक औषध म्हणून परवाना घेतलात तर घटक, कृती आणि कारखान्याचे नियम वेगळे लागतात. दोन्हींचे शब्द एकाच लेबलावर मिसळले की माल अडकतो.